ब्लेडवाला वस्तरा आधी की खरा वस्तरा? आधी गळ्याचं बघू

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगावकडचा २४ वर्षांचा पोरगा, कुपवाड एमआयडीसीत कामाला, पहिली शिफ्ट असली की पहाटे उठून घाईत दाढी. कार्ट्रिजवालं रेझर वापरतो, गळ्यावर लाल फोड उठतात, आणि कार्ट्रिजचा खर्च पण परवडेना झालाय. व्हिडिओ बघून वस्तऱ्याने स्वतःची दाढी करायची इच्छा झालीये. विचारतोय की आधी सलूनमधल्यासारखा ब्लेड बदलायचा वस्तरा घेऊन हात बसवू आणि मग खरा, म्हणजे एकसंध पात्याचा, धार लावून वापरायचा, घेऊ, का डायरेक्ट खराच घेऊ. आणि घरात ट्रंकेत आजोबांचा जुना वस्तरा सापडलाय, तो चालेल का.

मी सांगलीत सलून चालवतो, वडिलांपासून हाच धंदा. माझा पोरगा तुझ्याच वयाचा आहे म्हणून सरळ अरेतुरे करतोय, राग मानू नको.

भावा, तुझ्या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकात एक अडकलेत. गळ्यावरचे फोड हा एक, खर्च हा दुसरा, आणि वस्तऱ्याची हौस हा तिसरा. पहिल्या दोघांना वस्तरा लागतच नाही. तिसऱ्याला लागतो, पण त्याला वेळ पण लागतो आणि तो पहिल्या शिफ्टच्या आधी पहाटे पाच वाजता मिळत नसतो. हे तिन्ही एकत्र करून एक वस्तू विकत घेतलीस तर ती वस्तू महिन्याभरात कपाटात जाते, हे मी गिऱ्हाइकांच्या बाबतीत बघितलंय.

आता मुख्य मुद्दा, जो बहुतेक सगळे उलटा समजतात. ब्लेडवाला वस्तरा, ज्याला ऑनलाइन शेव्हेट म्हणून विकतात, ती खऱ्या वस्तऱ्याची पहिली इयत्ता आहे असं लोकांना वाटतं. तसं नाहीये. आम्ही सलूनवाले तो वापरतो तो सोपा आहे म्हणून नाही, तर स्वच्छतेसाठी. पूर्वी प्रत्येक दुकानात खराच वस्तरा असायचा, खुर्चीला चामड्याचा पट्टा लटकवलेला असायचा, त्यावर चार हात मारले की पुढचा गिऱ्हाईक. नव्वदच्या दशकात एड्सची जागृती सुरू झाली, लोक विचारायला लागले की ब्लेड नवीन आहे ना, आणि हळूहळू सगळी दुकानं ब्लेडवर गेली. आणि ते बरोबरच झालं, कारण एचआयव्ही राहू दे, कावीळ ब चा विषाणू शरीराबाहेर सुकलेल्या रक्तात सुद्धा सात दिवस टिकू शकतो, आणि तो थेंब डोळ्याला दिसत पण नाही. म्हणून कुठल्याही दुकानात बस, ब्लेड तुझ्यासमोर नवीन मोडून घातलं पाहिजे, लाजायचं नाही, सांगायचं.

पण घरी तू एकटाच वापरणार, तिथे हा फायदा शून्य होतो आणि उरतो तो फक्त त्या वस्तूचा स्वभाव. ब्लेडवाल्या वस्तऱ्यात अर्धं ब्लेड असतं, एक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी जाडी, ते लवतं. बाहेर धार येते ती जेमतेम. दोन्ही टोकांना कोपरे टोकदार, कारण ब्लेड मोडलंय. हँडल हलकं, त्यामुळे वजन काम करत नाही, तुझा हात काम करतो, आणि शिकाऊ हात म्हटला की तो दाबणारच. त्यात फॅक्टरीची नवी धार इतकी कडक असते की चूक झाली की सांगत नाही, डायरेक्ट रक्त दिसतं. खऱ्या वस्तऱ्याचं पातं दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं असतं, पाठ जाड, वजन पुढे. तो स्वतःच्या वजनाने उतरतो, केसावर आला की त्याचा आवाज येतो, हाताला जाणवतं. नीट लावलेली धार कातडीशी जरा समजुतीने वागते. म्हणून दोन्हीपैकी चेहऱ्यावर शिकायला खरा वस्तरा सोपा आहे, असं माझं मत. दुकानात शिकणाऱ्या पोरांचं बघ ना, पहिला ओरखडा बहुतेक ब्लेडच्या कोपऱ्याचाच असतो.

मग सगळे ब्लेडवालाच का सुचवतात? कारण खऱ्या वस्तऱ्यात दाढी हे अर्धंच काम आहे, उरलेलं अर्धं काम धार आहे. आणि ते कोणी व्हिडिओच्या थंबनेलवर लिहीत नाही.

धारेवर जरा थांबतो कारण इथेच पैसे बुडतात. नवा वस्तरा आला की तो दाढी करण्यालायक असेलच असं नाही, बऱ्याचदा नसतो, विशेषतः स्वस्तातला. विकणाऱ्याला आधी स्पष्ट विचार, दाढीसाठी धार लावून देता का. नसेल तर दगड लागतात, आणि सुरी लावायचा खडबडीत दगड नाही. धार बसवायला १००० नंबरचा (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक), मग ४०००, ८०००, शेवट १२००० च्या आसपास. वस्तरा दगडावर सपाट ठेवायचा, म्हणजे पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकलेली, आणि धार पुढे ठेवून ढकलायचा. कोन तुला ठरवायचा नसतो, पाठीची जाडी तो ठरवते, रुंद पात्याला जाड पाठ हे त्यासाठीच असतं, हिशोब केला तर दोन्ही बाजू मिळून साधारण १६-१७ अंश येतात. पट्ट्यावर मात्र उलटं, पाठ पुढे आणि धार मागे ओढत न्यायची, टोकाला आलं की पाठीवरून पलटी मारायची, धारेवरून मारली की पट्टा कापला आणि धार पण गेली. दाढीच्या आधी पट्ट्याच्या कापडी बाजूवर वीसेक आणि चामड्यावर चाळीस-पन्नास हात, सावकाश. वेगात फटाफट पट्टा मारणारे सिनेमात असतात, तू हळू मार, वेग नंतर आपोआप येतो. पट्टा सैल सोडू नको, झोळ पडला की धार गोल होते.

हे दर दाढीला, आणि दगडाचं काम दोन-तीन महिन्यातून एकदा, हात चांगला असेल तर त्याहून उशिरा.

आणि एक कळकळीची विनंती, सायकलवर चाक फिरवत येतात ना धार लावणारे, त्यांच्याकडे वस्तरा देऊ नको. माणूस बिचारा मेहनती असतो, विळी कात्री त्यांनी लावलेली उत्तम चालते, ऊसतोडीचा कोयता पण लावतील, पण त्या एमरीच्या चाकावर वस्तऱ्याचं पातळ पातं क्षणात तापतं, ठिणग्या उडतात तिथेच पोलादाचं पाणी उतरतं, मग ते किती पण लावलं तरी धार धरत नाही. शिवाय खोलगटपणा पण खाऊन टाकतं.

आता आजोबांच्या वस्तऱ्याचं. सरसकट हो किंवा नाही सांगता येत नाही, काय अवस्थेत आहे त्यावर आहे. उन्हात घेऊन बस आणि धारेच्या कडेला नखाने हलकेच, धारेवरून नाही, बाजूने, चाचपून बघ. वरवरचा तांबूस गंज असेल तर निघतो. काळे खड्डे पाठीकडे असतील तर चालतील, धारेच्या लगत असतील तर नाही, कारण दगडावर घासलं की बरोबर तो खड्डा धारेत येतो आणि धार तिथे दातेरी होते. पात्याला तडा गेला असेल, अगदी केसाएवढा जरी, तर तो शोभेला ठेव. मुठीची खिळी ढिली असेल आणि पातं बंद करताना एका बाजूला घासत असेल तर आधी ते नीट कर. पात्याच्या मागच्या दांडीवर, म्हणजे मुठीच्या खिळीपाशी, काही कोरलेलं असलं तर बघ. जर्मनीचं सोलिंगेन किंवा इंग्लंडचं शेफिल्ड लिहिलेलं असेल तर पोलाद चांगलं असायची शक्यता भरपूर, दोन्ही गावं पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलीत. मग धारेसाठी खर्च करायला हरकत नाही. पॉलिश पेपरने घासत बसू नको, किंमत पण जाते आणि आकार पण. आणि कोणाच्या वापरातला आहे म्हटल्यावर आधी साबणाने धुवून, मग स्पिरीटमध्ये मुठीसकट न बुडवता फक्त पातं नीट पुसून घे.

आता तुझ्या फोडांचं, कारण खरं दुखणं तेच आहे. कार्ट्रिजमध्ये एकामागे एक पाती असतात, पहिलं पातं केस जरा ओढतं, मागचं त्याला कातडीच्या खालून कापतं. गुळगुळीत वाटतं, पण ज्यांचा केस जाड आणि वाकडा उगवतो त्यांचा केस परत वर येताना आतल्या आत वळतो आणि फोड उठतो. गळ्यावर जास्त, कारण गळ्याचे केस एका दिशेचे नसतात. तू आज एक काम कर, दोन दिवस दाढी करू नको, मग अंघोळीआधी आरशापुढे उभा राहून बोटाच्या टोकाने गळ्यावर सगळ्या बाजूंनी हात फिरव. ज्या बाजूला खरखर लागते ती उलटी, ज्या बाजूला गुळगुळीत जाते ती सुलटी. गालावर बहुतेकांचं वरून खाली असतं. गळ्यावर बऱ्याच लोकांचं खालून वर येतं, काहींचं घाटीच्या दोन्ही बाजूंनी तिरकं मानेकडे जातं, काहींना जबड्याच्या खाली भोवरा असतो. हे कागदावर काढून ठेव, चक्क पेनाने चेहरा काढून बाण मार. सलूनमध्ये बसल्यावर आमचा हात हेच करत असतो, साबण लावताना आम्ही दिशा बघून घेतो, गिऱ्हाइकाला वाटतं मालीश चाललंय.

मग दाढी सुलट्या दिशेने, एकदाच. गळ्यावर दुसरा हात मारायचाच असेल तर आडवा, उलटा नको. आमच्याकडे लोक म्हणतात ना, "काका डबल मारा, एकदम क्लीन पाहिजे", तो डबल गालावर चालतो, तुझ्यासारख्या गळ्याला चालत नाही. तो जरा खुंटासारखा राहिला तरी राहू दे, सुपरवायझर हात लावून बघणार नाहीये. आत्ता फोड ताजे असतील, पू असेल, तर दोन-तीन आठवडे ब्लेड बंद, ट्रिमरने बारीक करून जा, आणि तरी कमी झालं नाही तर स्किनच्या डॉक्टरला दाखव, सलूनवाल्याने डॉक्टरी करू नये. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर उघड्या धारेच्या नादी लागू नको, हे तुझ्यासाठी नाही पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी.

या सगळ्याला जे रेझर बसतं ते म्हणजे जुन्या पद्धतीचं सेफ्टी रेझर, दोन्ही बाजूंनी धारेचं साधं ब्लेड बसतं ते. एकच पातं कातडीला लागतं, ब्लेडच्या पुढे आडवी कड असल्यामुळे ब्लेड किती बाहेर यायचं ते ठरलेलं, घाईत पण सांभाळून घेतं. जिलेटचं असं पहिलं रेझर १९०३ साली बाजारात आलं तेव्हा वर्षभरात फक्त ५१ विकली गेली होती म्हणतात, पुढे सगळ्या जगाने तेच वापरलं, आपल्याकडे पण आपल्या आज्यापंज्यांच्या दाढ्या त्यावरच झाल्या. ब्लेड पाच रुपयांच्या आतबाहेर पडतं, एका ब्लेडवर चार-पाच दाढ्या होतात. कार्ट्रिजच्या एका तुकड्याच्या पैशात महिनोन्‌महिने निघतात. कंपनीवर भांडत बसू नको, कोणाला कुठलं ब्लेड सूट होतं ते चेहऱ्यावर आहे, दोन-तीन कंपन्यांची पाकिटं आण, प्रत्येक आठवडाभर वापर, जे चरचरत नाही ते ठेव.

थोडक्यात शिफ्टच्या दिवशी सेफ्टी रेझर, आणि हौस रविवारी. ब्लेडवाला वस्तरा घ्यायचाच असेल तर एकाच कारणासाठी घे: धारेच्या दगडाची भानगड तुला कधीच नकोय, आणि तरी उघडी धार हातात पाहिजे. तेही अगदी रास्त कारण आहे. फक्त त्यावर शिकलास म्हणजे खरा आला, असं धरू नको. त्याला धरायचा कोन जरा पडका, दाब अजिबात नाही, आणि कातडी ताणणं दुप्पट महत्त्वाचं. ब्लेड मोडताना कागदातून काढायचं नाही, कागदासकट लांबीतून वाकवायचं, टक्कन मधोमध मोडतं, बोटं कागदाच्या बाहेर राहतात. ब्लेडच्या धारेला टॉवेल लावू नको, त्यावर निसटता लेप असतो तो खरवडतो, नुसतं पाण्याखाली धरून झटक.

आता रविवारचा धडा. वेळ हवा, अर्धा तास तरी, घरात कोणी दार वाजवणार नाही असा. अंघोळ झाल्यावरच दाढी, केस ओला होऊन मऊ पडायला दोन-तीन मिनिटं तरी पाणी लागतं, कोरड्या केसाला कुठलीही धार ओढतेच. साबण ब्रशने, फोमचा डबा बाजूला ठेव. फेस ताकासारखा नको, दह्यासारखा हवा, ब्रश उचलला की टोक उभं राहिलं पाहिजे. इथे तुझ्या भागाची एक अडचण आहे, बोअरचं पाणी जड असेल तर साबण फुटतो, फेस येतच नाही आणि लोक साबणाला शिव्या देतात. तांब्याभर फिल्टरचं पाणी फक्त फेसासाठी घे, फरक लगेच दिसेल.

पकड अशी: तीन बोटं पात्याच्या मागच्या दांडीवर, करंगळी दांडीच्या टोकाच्या शेपटीवर, अंगठा खालून आधाराला. वस्तऱ्याची मूठ, म्हणजे पातं ज्यात मिटतं ती, वर उघडी. पाठ चेहऱ्याला टेकव, मग साधारण पाठीच्या जाडीएवढी किंवा जरा जास्त उचल, तो तुझा कोन, तीसेक अंशाचा. त्याहून सपाट झालं की ओढतं, उभं झालं की खरवडतं. दुसऱ्या हाताने कातडी ताण, आणि तो हात कोरडा पाहिजे, ओल्या बोटांतून कातडी सुटते, त्यासाठी तुरटीचा खडा बोटांना लाव. आणि वस्तरा चालतो तो फक्त धारेच्या पुढच्या दिशेने. धारेच्या लांबीच्या दिशेने, आडवा, एक सूत जरी सरकला की कापलंच, बहुतेक कट असेच होतात. म्हणून वस्तरा चेहऱ्यावर टेकलेला असताना मान वळवायची नाही, कोणी हाक मारली तर आधी वस्तरा उचलायचा, मग ओ द्यायची.

पहिले काही रविवार फक्त दोन गाल, कल्ल्याखालून जबड्यापर्यंत. बाकी सगळं सेफ्टी रेझरने उरक. एका बाजूला डावा हात लागेल, आरशात उलटं दिसेल, गोंधळ होईल, होऊ दे. खरं सांगू का, आम्हा सलूनवाल्यांना पण दुसऱ्याची दाढी जितकी सहज जमते तितकी स्वतःची जमत नाही, आम्ही बहुतेक एकमेकांकडून करून घेतो. गाल एकसारख्या कुरकुर आवाजाने साफ झाले की मग जबड्याची कड, मग गळा, आणि हनुवटी व मिशीची जागा सगळ्यात शेवटी. हनुवटीचा केस सगळ्यात कडक आणि जागा गोल, तिथे वस्तरा उड्या मारतो. फुग्यावर फेस लावून प्रॅक्टिस करतात ते करायला हरकत नाही, हात हलका होतो, पण फुग्याला केस नसतो, त्यामुळे कोन काही कळत नाही.

झाल्यावर थंड पाणी, ओल्या तुरटीचा हात, जिथे चरचरेल तिथे तू दाबलंस किंवा कोन चुकला, तेच तुझं रिपोर्ट कार्ड. वस्तरा पाठीकडून धारेकडे पुसायचा, दोन वेळा पट्ट्यावर फिरवून कोरडा करायचा, आणि बाथरूममध्ये अजिबात ठेवायचा नाही. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात भिंती घाम सोडतात, कार्बनचं पोलाद एका रात्रीत डाग धरतं. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पात्यावर पुस. खोबरेल लावू नको, थंडीत गोठतं आणि नंतर चिकट होतं.

खर्चाचं विचारलंयस म्हणून, सेफ्टी रेझर बऱ्यापैकी पाचशे-हजारात येतं. खरा वस्तरा, पट्टा आणि दगड धरून काही हजार जातात, त्यात दगडाला सगळ्यात जास्त. म्हणून आधी धार लावून देणारा माणूस शोध, मिळाला तर दगड लगेच घेऊ नको. जुन्या सलूनवाल्यांपैकी एखाद्या म्हाताऱ्या कारागिराच्या कपाटात अजून दगड सापडतो, दुपारी दुकान मोकळं असतं तेव्हा जा, चहा सांग, आजोबांचा वस्तरा दाखव. शिकवायला माणूस तयार असतो, फक्त शनिवार-रविवारी जाऊ नको, त्याला मान वर करायला वेळ नसतो.

आणि वापरलेली ब्लेडं घंटागाडीच्या पिशवीत सुटी टाकू नको. गोळ्या-बिस्किटाचा एखादा पत्र्याचा डबा घे, झाकणाला चीर पाड, त्यात टाकत जा, भरला की टेपने बंद करून वर "ब्लेड" लिहून दे. कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बाईचा हात असतो तिथे.